घरात राहणारा

भर दुपारी दुकानात दिवा लावावा लागला, असा तो पौषातला दिवस होता. ऊन नाही, धड पाऊसही नाही. आभाळ न बोलावलेल्या पाहुण्यासारखं इतवारीच्या बाजारावर बसून होतं. उठेना, जेवेना, नुसतं बसलेलं. खाली हातगाड्या चिखलात रुतत होत्या, टेम्पोवाले एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करत होते, आणि 'बाबाराव मेटल स्टोअर्स'च्या ओट्यावर मयुरा नाव टाकायची मशीन हातात धरून कुण्या आजीबाईचं नाव परातीवर कोरत होती.

बाबाराव म्हणजे तिचे वडील. ते गेले, पाटी राहिली. गल्ल्यावर इंदूबाई बसायची, मयुराची आई. साखरेच्या दुखण्यानं तिचे डोळे नेले पण जीभ ठेवली, आणि राहिलेल्या त्या एका हत्यारावर बाईनं दुकानांची सगळी ओळ धाकात ठेवली होती. भांड्यावर नखानं टिचकी मारली की पत्रा जाड का पातळ ते तिला कळायचं. गिऱ्हाईक खोकलं की ते घेणार का नुसतं हात लावून जाणार, तेही कळायचं.

तेवढ्यात तो आला. छत्री होती त्याच्याजवळ, पण ती त्यानं काखेतल्या पुस्तकांवर धरली होती आणि स्वतः भिजत होता. असा माणूस दिसला की शहाण्या पोरीनं तोंड फिरवावं. मयुरानं फिरवलं नाही. सगळं बिघडलं ते तिथंच.

"ग्लास पाहिजे होते," तो म्हणाला. "दोन. नाव टाकून."

"कोणाचं नाव?"

"नाव नाही… म्हणजे, एकावर हजबंड, एकावर वाइफ. इंग्रजीत." केसातलं पाणी गालावर आलं ते त्यानं बाहीनं पुसलं. "आमच्या कॉलेजातल्या एका सरांचं लगन आहे. सगळ्यांनी मलेच पाठवलं. मी इंग्रजी शिकवतो ना, म्हणून."

"इंग्रजीच्या सरले ग्लासं आणायले पाठवते का कोणी?"

"पक्क्या नोकरीवाल्याले नाही पाठवत. मी तासावरचा आहे. जेवढे तास शिकवले तेवढाच मी सर. बाकी वेळ कुठंही पाठवा."

मयुरानं हसू दाबलं. ग्लास मांडीत धरला आणि मशीन सुरू केली. घुर्र आवाजात स्टीलचा बारीक भुगा उडत होता, आणि तो पुस्तकं छातीशी धरून तिच्या बोटांकडे बघत होता. बघतो आहे हे तिला न बघताही कळत होतं. बाईच्या जातीला एवढे डोळे तर पाठीलाही असतात.

"हे बँड काय भानगड आहे?" तिनं मान न उचलता विचारलं. "नवऱ्याच्या नावात बँड कशाले? वरातीत वाजते म्हणून?"

तो हसला. मग हसणं गिळून, खरंच सांगायला लागला. अशी माणसं असतात. तुम्ही चेष्टेत विचारा, ती उत्तर देतात. "त्या बँडचं काही नाही त्यात. लई जुनी गोष्ट आहे. इंग्रजांच्या बेटावर उत्तरेकडून दर्यावर्दी लोक आले, लुटायले आले अन् राहूनच गेले. त्यांच्या बोलीत 'हूस' म्हणजे घर, आणि 'बोंडी' म्हणजे राहणारा. जमीन धरून, घर करून राहणारा. हूसबोंडी."

"बोंडी? कापसाच्या बोंडासारखं?"

"हाव. पण कापसाचं नाही. त्याचंच पुढं घासून घासून हजबंड झालं. मुळात नवरा असा अर्थच नव्हता त्याचा. घरात राहणारा, घराचा धनी, एवढंच."

"मग सरळ घरवाला म्हणा ना," मयुरा म्हणाली. "आमच्या ओळीतली लिंबूवाली बी तेच म्हणते. 'मेरा घरवाला.' त्याच्यासाठी समुद्र कशाले ओलांडा लागते?"

आता मात्र तो बघतच राहिला. वर्गात वर्षभर घसा फोडून जे त्याला कुणी म्हटलं नव्हतं, ते या पोरीनं ग्लास कोरता कोरता म्हटलं होतं.

"अन् वाइफ?"

"वाइफ म्हणजे बाई. जुन्या इंग्रजीत नुसती बाई."

"म्हणजे त्याले घर, अन् तिले काहीच नाही."

"…नाही."

मयुरानं दुसरा ग्लास घेतला. "मग हिचं नाव मोठ्या अक्षरात टाकते. तेवढं तरी असू द्या बिचारीचं."

गल्ल्यावरून इंदूबाईचा आवाज आला, "मयुरा, गिऱ्हाईकाले ग्लास दे वं. शाळा कशाले भरवून राहिली?"

तो गेला. जाताना छत्री पुन्हा पुस्तकांवरच होती.

सुमंत त्याचं नाव. कोराडीला राहायचा, वीजकेंद्राच्या कॉलनीत. बाप प्रेमानंद कोळशाच्या विभागात होता आणि उन्हाळ्यात निवृत्त होणार होता. तो झाला की क्वार्टर सोडावी लागणार. आई शामला, बहीण प्रीती लग्न होऊन गेलेली. हे सगळं मयुराला कसं कळलं? तर सुमंतला त्यानंतर भांड्यांची फार गरज पडू लागली, म्हणून कळलं. आधी गाळणी. मग चमचे. मग डब्याचं झाकण, ज्याचा डबा कुणी कधी पाहिला नाही.

"त्या कोराडीच्या पोट्ट्याच्या घरी भांडे खाते का गा कोणी?" इंदूबाई हवेला विचारायची.

दर वेळी तो त्या एका शब्दाचा एकेक धागा घेऊन यायचा. दुसरं काही बोलायची हिंमत नसलेल्या माणसाला शब्दांचा मोठा आधार असतो.

"प्रताप नगरातून येताना एक सरकारी पाटी दिसते," मयुरा एकदा म्हणाली. घर प्रताप नगरात, दुकान इतवारीत, रोज आईला गाडीवर मागं बसवून ती येणं-जाणं करायची. "अॅनिमल हजबंडरी. जनावरांचा नवरा काय करते तिथं बसून?"

"जनावरं सांभाळते." सुमंत गंभीर होता, डोळे मात्र नव्हते. "घराचा धनी म्हणजे शेत, गोठा, दाणागोटा, सगळं त्याच्याच गळ्यात. म्हणून शेतकऱ्यालेही हाच शब्द लावत. पुढं त्याचा अर्थ झाला, जपून वापरणं. आहे ते पुरवून पुरवून वापरणं."

"म्हणजे कंजूष."

"जपणारा."

"भिजलं तरी चालते पण पुस्तकं कोरडी राहिली पाहिजे, तसा?"

"तुम्ही पाहिलं होतं ते?"

"मी कशाले पाहू? आईनं सांगितलं," मयुरा म्हणाली, आणि मग दोघंही आंधळ्या इंदूबाईकडे बघून इतके हसले की गल्ल्यावरून डब्याचं झाकण आलं उडत.

पण मयुराच्या हसण्याला तळ होता, आणि तळाशी गाळ होता. घरी आलं की ती आईला बघायची. प्रताप नगरातल्या त्या तीन खोल्यांत इंदूबाई आंधळी नव्हती. गॅसपासून मोरी किती पावलं, मिठाची बरणी कुठल्या फळीवर, दाराची कडी कुठं अडते, सगळं तिच्या हातापायांना पाठ होतं. पोळ्या लाटायची, तुळशीला पाणी घालायची, मांजर हाकलायची. एकदा नात्यातल्या लग्नाला परगावी नेली होती तर तिथं ती दोन दिवस एका खुर्चीवर बसून राहिली. मोरीला जायचं तर कुणाला तरी हाक मारायची लाज. परत येताना गाडीवर मागं बसून म्हणाली होती, "मयुरा, मी माझ्या घरात आंधळी नाही. दुसरीकडं नेशील तर त्या दिवशी आंधळी होईन."

त्यामुळं मयुराला बघायला पोरं यायची आणि जायची. ती प्रत्येकाला एकच विचारायची, आमच्याकडे राहायला येशील का. मग चहा अर्धा राहायचा. एकानं तर बिस्कीट हातातलं बशीत ठेवलं. घरजावई! पोरगी वंध्या निघाली तरी चालेल, हुंडा कमी पडला तरी मन मारतील, पण बायकोच्या घरी राहायचं म्हटलं की सात पिढ्यांचे पुरुष खडबडून उठतात.

माघातली एक संध्याकाळ होती. दिवसभर भुरभुर चाललेली, ओट्यावरचं स्टील थंडगार, ओळीतली अर्धी दुकानं लवकर मिटलेली. इंदूबाई गल्ल्यावर पेंगत होती. सुमंत आज काहीच विकत घ्यायला आला नव्हता, आणि तसं त्यानं सांगूनही टाकलं.

"मग काहून आले?"

"असाच."

"असं कोणी कोराडीवरून बस बदलून येते का, असंच?"

तो खाली बघत राहिला. त्याच्या कॉलरवर राखेचा कण होता. कोराडीच्या माणसांच्या दोरीवरच्या कपड्यांवर ती पडते, धुतली तरी पडते. मयुराचं बोट आपसूक पुढं गेलं… आणि अर्ध्यात थांबलं. त्यानं ते थांबलेलं बोट पाहिलं.

"मले विचार ना," तो म्हणाला. तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"काय?"

"जे सगळ्यांले विचारते ते. मलेच काहून नाही विचारलं अजून?"

सगळ्यांना विचारलं, कारण सगळे गेले तरी चालत होतं. हे त्याला कसं सांगायचं?

"…आमच्या घरी राहशील?"

"राहीन."

"विचार तर कर. लोक हसतील."

"केला. त्या शब्दाची एक वाईट बाजू आहे, ती मी तुले सांगितलीच नाही आतापर्यंत." त्याचा आवाज खाली गेला. "त्यातला तो बोंडी, घराचा धनी. पुढं त्या बेटावर दुसरे राजे आले. जमिनी त्यांच्या झाल्या. घर तेच, माणूस तोच, पण आता तो दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा झाला. अन् तोच शब्द गुलामाले लागला. बाँडेज म्हणतात ना, बंधन, गुलामी… ते त्याच बोंडीतून निघालं. म्हणजे धनी अन् गडी, दोघं एकाच शब्दाच्या पोटचे."

"मग मले काहून सांगून राहिला हे?"

"मले माहीत आहे, हे सांगायले. माहीत असूनही राहीन म्हणतो."

मयुरानं तोंड फिरवलं, शेल्फावरच्या एकही डाग नसलेल्या घागरी पुसायला घेतल्या. गल्ल्यावरून इंदूबाई, जी म्हणे पेंगत होती, म्हणाली, "पुसून पुसून भोक पाडशील वं घागरीले. त्याले म्हण, बापाले घेऊन ये."

आता त्या घराची एक रीत होती. भांडेवाल्याचं घर, म्हणून प्रत्येक माणसाचं स्वतःचं ताट. काठावर नाव, आणि नावाखाली घराचा शिक्का असावा तशी एक ओळ. 'इंदू, बाबारावांच्या घरची.' 'मयुरा, बाबारावांच्या घरची.' लग्नकार्यात ताटं गल्लीभर फिरतात, घरचं ताट घरी यावं म्हणून कुण्या काळी सुरू झालेलं, मग मायेचं झालं. आणि येणाऱ्याचं ताट तो यायच्या आधी तयार पाहिजे. इंदूबाई नवरी म्हणून आली तेव्हा तिचं ताट मांडूनच ठेवलेलं होतं. सासरी पहिल्यांदा तिला रडू आलं ते ते ताट बघून, आणि ते चांगलं रडू होतं.

"सुमंतचं ताट करून ठेव," इंदूबाई म्हणाली.

मयुरानं दुकानातलं सगळ्यात जड ताट निवडलं. सगळी ओळ बंद झाल्यावर ओट्यावर एकटी बसून तिनं नाव टाकलं. सुमंत. 'सु'चा उकार जरा लांबवला, लाडानं. आणि मग हात सवयीनं खाली उतरला आणि दुसरी ओळ लिहून गेला. तिनं ताट दिव्याखाली धरलं, वाचलं. तिला त्यात वावगं काही दिसलंच नाही. दिसलं ते एवढंच, की आता तो तिच्या घरचा. प्रेमात माणूस आंधळं होतं म्हणतात. त्या घरात एक आंधळी आधीच होती, दुसरी आता झाली.

रविवारी प्रेमानंद आणि शामला आले. प्रेमानंद उंच, वाळका, बोलणं मोजून. इस्त्रीच्या शर्टाची वरची गुंडीही लावलेली. इंदूबाईनं स्वतः कोथिंबीर भरून सांभारवड्या तळल्या होत्या, गोळाभात होता, कढी होती. शामला दोनदा म्हणाली, "घर किती नीट ठेवलं हो तुम्ही." प्रेमानंदही जेवायला बसेपर्यंत बरा होता. क्वार्टर सुटणार, भाड्याचं घर बघतो आहे, असं काही बोलला. पोरगा आठवडाभर तुमच्याकडे, रविवारी आमच्याकडे, असं काहीतरी जमवून घेऊ, असंही बोलता बोलता म्हणाला. मयुरानं दाराआडून ते ऐकलं आणि तिला वाटलं, झालं. जमलं.

मग ताटं मांडली. शेजारी बसलेल्या लेकाच्या ताटाकडे प्रेमानंदची नजर गेली. त्यानं खिशातला चष्मा काढला, लावला, आणि काठावरची अक्षरं शाळेतल्या पोरासारखी एकेक करून मोठ्यानं वाचली.

"सुमंत. बाबारावांच्या घरचा."

कढी वाढणारा मयुराचा हात वाटीवर थांबला.

प्रेमानंदनं चष्मा परत खिशात ठेवला. तो उठला नाही, ओरडला नाही. ताटातलं सगळं सावकाश संपवलं. बाकीच्यांची ताटं तशीच राहिली. हात धुऊन आला, रुमालानं पुसला, आणि मग म्हणाला, "अन्न टाकायचं नाही म्हणून जेवलो."

"काय झालं भाऊ?" इंदूबाईनं विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

"माझा बाप घरजावई होता, इंदूबाई. सावनेरकडं, माझ्या मामाच्या घरी. वावर त्यांचं, बैल त्यांचे, बाप बी त्यांचाच. नाव घेऊन त्याले कोणी हाक मारलेली मी ऐकली नाही. सगळे जेवायचे, गडी जेवायचे, मग त्याले बोलवायचे. मी लहान होतो, विचारायचो, बाबा, तुम्ही जेवत काहून नाही. तो म्हणायचा, भूक नाही रे." प्रेमानंदनं रुमालाची घडी घातली. "रोज सांजच्याले भूक नसायची त्याले."



"आम्ही जावयाले शेवटी वाढत नाही," इंदूबाई म्हणाली. आवाजात धार होती, पण पहिल्यांदाच ती धार कुठं लावावी हे बाईला कळत नव्हतं.

"वाढणं तुमच्या हातात आहे ना, बाई? तेच तर दुखणं आहे."

तो निघाला. शामला मागून निघाली, मयुराच्या डोक्यावरून हात फिरवून. सुमंत मायलेकींकडे बघत दारात उभा राहिला. त्यानं बापाच्या पाठीकडे बघितलं. आणि बापाच्या मागं गेला. जायलाच पाहिजे होतं. जो गेला नसता, त्याला मयुरानंही ठेवून घेतलं नसतं.

फाल्गुन आला तो गारा घेऊन. सुमंतचा फोन नाही, निरोप नाही. मयुरानं एक दिवस ते ताट पॉलिशच्या चाकावर धरलं. अक्षरं गेली, पण काठ तिथं पातळ झाला, आणि हात लावला की खोलगट लागायचा. इंदूबाईनं हात लावला. बराच वेळ ती त्या खोलगट जागेवर अंगठा फिरवत राहिली.

"हात तुझा होता," ती म्हणाली, "पण सवय माझी." एवढंच. माफीच्या जवळ जाणारं यापेक्षा लांब वाक्य त्या बाईनं जन्मात उच्चारलं नव्हतं.

मग पुन्हा तिखट होऊन, "रडायचं असेल तर रड वं. मले दिसत नाही."

"मी रडून नाही राहिले."

"नाक तर ओढून राहिली."

शिमगा होऊन गेल्यावर एका ढगाळ दुपारी सुमंत ओट्यावर येऊन उभा राहिला. वाळला होता. हातात काही नव्हतं, पुस्तकंसुद्धा नव्हती.

"काय पाहिजे?" मयुरानं विचारलं. मशीन बंद करायचं तिला सुचलं नाही. ती हातात नुसतीच घुरघुरत राहिली.

"बाबांनी जा म्हटलं."

"रागानं?"

"नाही. रागानं म्हटलं असतं तर सोपं होतं." तो ओट्याच्या कडेला बसला. "दोन हप्ते बोललेच नाही. मग मीच बसलो त्यांच्यासमोर. त्यांले तो शब्द सांगितला, सगळा. घरात राहणारा, घराचा धनी. मले वाटलं, इंग्रजीत मोठा मान आहे त्याले, हे ऐकून त्यांले बरं वाटेल. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाले, शब्दाले काय लागते, तो कोणाच्याही घरी राहते. माणसाले जेवावं लागते."

मयुरानं मशीन बंद केली.

"मग उठून गेले. परत आले, अन् म्हणाले, जा. तुझं मन तिथं आहे तर जा. मी लग्नाले येणार नाही, त्या घरी पाय ठेवणार नाही, मले बोलवू नको. पण तिथं भूक लागली तर लागली म्हण." शेवटच्या शब्दांना त्याचा आवाज फाटला. "एवढंच मागितलं त्यांनी."

समोरून एक हातगाडी गेली, परातींचा खळखळाट करत.

"नको येऊ," मयुरा म्हणाली.

"मयुरा…"

"ऐक. तू येशील, अन् रोज ताटावर बसशील, अन् रोज मले तुझा बाप दिसेल. मी कोणाचा पोरगा उचलून आणल्यासारखी राहीन. मले हे घर सोडता येत नाही, आईले नेता येत नाही. माझं नशीब एका खुंट्याले बांधलेलं आहे. तू काहून बांधून घेतोस?"

"कारण मले तू पाहिजे," तो म्हणाला. साधं, घसा न खाकरता. इतके दिवस एका शब्दाभोवती फिरत राहिलेला माणूस शेवटी तीन शब्दांत मोकळा झाला. "मी विचारून पाहिलं स्वतःले. तिकडं राहिलो तरी बाबांले मी दुःखीच दिसेन. इकडं आलो तर ते दुःखी. कोणीतरी एक राहणारच आहे उपाशी. निदान तू अन् मी तर…"

"मलेही तूच पाहिजे," मयुरा म्हणाली, आणि हे म्हणताना जो आनंद व्हायला पाहिजे होता तो कुठं आहे, ते ती शोधत राहिली. होता. पण प्रेमानंदच्या वाळक्या पाठीमागं उभा होता.

गल्ल्यावरून आवाज आला, "ठरलं असेल तर त्याले आत घे. गार वारा सुटून राहिला."

लग्न नोंदणी कार्यालयात झालं. शामला आली, प्रीती आली. शामलानं सुनेच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या आणि बसची वेळ झाली म्हणून लगेच निघाली. घरी प्रेमानंद एकटाच होता, क्वार्टर सोडायची म्हणून सामान बांधत.

संध्याकाळी प्रताप नगरातल्या त्या घरात तिघं जेवायला बसले. मयुरानं दुकानातून एक कोरं ताट आणलं होतं, कुणाचंच नाव नसलेलं. सुमंतनं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "असंच राहू दे. काही टाकू नको यावर." बाबाराव गेल्यापासून त्या घरात पहिला घास इंदूबाईचा असायचा. आज तिनं आपलं ताट बाजूला सरकवलं, हातानं चाचपत भाताचं पातेलं जवळ घेतलं, आणि पहिलं सुमंतला वाढलं. अंदाज नव्हता तिला, फार वाढलं.

सुमंत घास कालवत राहिला. वरण होतं, लग्नाचं म्हणून पुरण होतं. तो हसून बोलत होता, इंदूबाईच्या टोमण्यांना उत्तरं देत होता. मयुरा बघत होती. भाताचा ढीग होता तेवढाच होता.

मग त्याचा फोन वाजला. नाव बघून तो ताठ बसला, जसा शाळेत पोरगा बसतो.

"हो, बाबा… हो, झालं नीट."

पलीकडचा आवाज हळू होता, पण त्या खोलीत एवढी शांतता होती की मयुराला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"जेवला?"

"जेवलो."

"कोणासोबत?"

"सगळ्यांसोबत. मलेच पहिले वाढलं, बाबा. आईंनी."

पलीकडं कुठंतरी पेटीचं झाकण बंद झाल्याचा आवाज.

"भूक होती?"

सुमंतनं डोळे मिटले. "होती," तो म्हणाला. "लई होती."

"बरं," प्रेमानंद म्हणाला, आणि फोन बंद झाला.

सुमंत फोन हातात धरून बसून राहिला. इंदूबाई उठली, भिंतीला हात न लावता सरळ आपल्या खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं. खिडकीच्या काचेवर भुरभुर पाणी लागत होतं, ना धड पाऊस ना धड उघाड.

मयुरानं त्याचं ताट आपल्याकडे ओढलं. थंड झालेल्या भाताचे बोटानं दोन भाग केले. एक स्वतःकडे घेतला, एक त्याच्याकडे सरकवला.

"चाल," ती म्हणाली. "बापाले सांगितलं ना? आता जेव."

त्यानं घास उचलला. डोळ्यांतलं पाणी भातावर पडत होतं, आणि तो जेवत होता. ती त्याच्याच ताटात, त्याच्या बरोबरीनं, प्रत्येक घासाला त्याच्यासाठी थांबत जेवत राहिली, ताट रिकामं होईपर्यंत.